यादींतून वगळलेले शब्द

कायद्याच्या ग्रंथांत एखादा नवा शब्द घातला जातो तेव्हां त्याचा गाजावाजा होतो. भाषणें होतात, सह्यांचे समारंभ होतात, वृत्तपत्रांत छायाचित्रें झळकतात. परंतु एखादा जुना शब्द त्या ग्रंथांतून काढून टाकला जातो तेव्हां बहुधा कांहींच आवाज होत नाहीं. सबंध संहिता नव्यानें लिहावयास घ्यावी, शेंकडों कलमें पुढें-मागें करावीं, आणि त्या गडबडींत एका ओळींतले चार शब्द पुसून टाकावे, एवढ्यानें काम भागतें. ज्यांच्या जीविताशीं त्या शब्दांचा संबंध असतो, त्यांनाच तेवढी ती पोकळी जाणवते. कॅरिबियन समुद्रांतील पोर्तो रिको या बेटावर २०११ सालीं असाच एक प्रसंग घडला. त्या चार शब्दांचा इतिहास हा वरवर पाहतां एका लहानशा बेटाचा इतिहास आहे खरा. पण कायद्यानें कोणाचें नांव घ्यावें आणि कोणाचें घेऊं नये, या मोठ्या प्रश्नाचाही तो इतिहास आहे.

पोर्तो रिको हें बेट विस्तारानें रत्नागिरी जिल्ह्याहून थोडेंसें मोठें. २०१० च्या शिरगणतींत तेथील लोकसंख्या सुमारें ३७ लाख भरली होती. सुमारें चारशें वर्षें हें बेट स्पेनच्या अंमलाखालीं होतें. १८९८ च्या युद्धांत स्पेनचा पराभव झाला आणि पॅरिसच्या तहानें तें अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या हातीं गेलें. १९१७ सालीं तेथील लोकांस अमेरिकन नागरिकत्व मिळालें. पण त्या नागरिकत्वाला एक विलक्षण मर्यादा राहिली. बेटावर राहणारा मनुष्य अध्यक्षाच्या निवडणुकींत मत देऊं शकत नाहीं, आणि वॉशिंग्टनच्या काँग्रेसमध्यें बेटाचा जो एकमेव प्रतिनिधि बसतो, त्याला कायदा मंजूर करतांना मत नसतें. बेट स्वतंत्र राष्ट्र नव्हे आणि संयुक्त संस्थानांपैकीं एक संस्थानही नव्हे. त्याला नुसता ‘प्रदेश’ म्हणतात. घरांत राहावें, पण घरच्या मसलतींत बसूं नये, अशांतली ही अवस्था होय.

या प्रदेशाला १९५२ सालीं स्वतःचें संविधान मिळालें. मनुष्याची प्रतिष्ठा अनुल्लंघनीय आहे, असें त्याच्या हक्कपत्रिकेच्या पहिल्याच कलमांत म्हटलें आहे, आणि लागलीच एक यादी दिली आहे : वंश, वर्ण, लिंग, जन्म, सामाजिक मूळ अथवा स्थिति, राजकीय अथवा धार्मिक मतें, यांपैकीं कोणत्याही कारणावरून भेदभाव करतां कामा नये. भारताच्या संविधानाचें पंधरावें कलम त्याच्या दोनच वर्षें आधीं अंमलांत आलें होतें, आणि त्यांतही धर्म, वंश, जात, लिंग व जन्मस्थान अशी यादी आहे. एकमेकांपासून इतक्या दूर असलेल्या या दोन समाजांनीं एकाच काळीं एकच गोष्ट ओळखली. समता सर्वांस आहे, एवढें मोघम वाक्य लिहून भागत नाहीं. ज्या ज्या बहाण्यानें माणसें माणसांना तुडवीत आलीं, त्या त्या बहाण्याचें नांव घ्यावें लागतें.

कायद्याचे शब्द खोडले जाणें म्हणजे काय, हें या बेटानें आपल्या संविधानाच्या जन्माच्या वेळींच पाहिलें होतें. बेटाच्या संविधानसभेनें हक्कपत्रिकेंत विसावें कलम घातलें होतें. प्रत्येकास शिक्षण मिळावें, काम मिळावें, पोटापुरतें अन्न, वस्त्र व निवारा मिळावा, आजारपणांत, म्हातारपणांत व बेकारींत संरक्षण मिळावें, गरोदर स्त्रिया व बालकें यांची विशेष काळजी घेतली जावी, असे हक्क त्यांत मान्य केले होते. बेटाच्या मतदारांनीं तें संविधान मताधिक्यानें स्वीकारलें. परंतु वॉशिंग्टनच्या काँग्रेसनें विसावें कलम गाळण्याची अट घातली, आणि तें गळलें. अर्थात् परक्यांनीं आपल्या यादींतून शब्द खोडल्याचें दुःख या बेटाला ठाऊक होतें. पुढें साठ वर्षांनीं तीच खोडणी घरच्या माणसांच्या हातून होऊं घातली, हा दैवदुर्विलास म्हणावयाचा.

समलिंगी लोकांचें नांव बेटाच्या कायद्यांत प्रथम आलें तें गुन्हेगार म्हणून. अमेरिकन अंमल सुरू झाल्यावर १९०२ सालीं जी दंडसंहिता लागू झाली, ती कॅलिफोर्निया संस्थानाच्या संहितेवरून उतरविलेली होती, आणि तिच्याबरोबर ‘निसर्गाविरुद्ध गुन्ह्या’चें कलमही बेटावर आलें. भारतांत १८६० च्या दंडसंहितेबरोबर ३७७ वें कलम आलें, त्याच जातीचें हें कलम. १९७४ सालीं बेटानें नवी संहिता केली, तरी तें कलम टिकलें. एवढेंच नव्हे, तर समान लिंगाच्या दोन व्यक्तींमधील संबंधाचा त्यांत स्पष्ट उच्चार करण्यांत आला. या कलमाविरुद्ध कांहीं नागरिक न्यायालयांत गेले. बेटाच्या सर्वोच्च न्यायालयानें २००२ सालीं असा निकाल दिला कीं, त्यांच्यावर प्रत्यक्ष खटला भरला गेलेला नाहीं, तेव्हां निर्णय देण्याजोगा वादच उत्पन्न झालेला नाहीं. पुढें २००३ च्या जूनमध्यें संयुक्त संस्थानांच्या सर्वोच्च न्यायालयानें टेक्सस संस्थानाच्या एका खटल्यांत असलीं सर्व कलमें घटनाबाह्य ठरविलीं. पोर्तो रिकोनें २००४ मध्यें केलेल्या नव्या संहितेंतून तें कलम वगळलें, आणि ती संहिता २००५ च्या मे महिन्यांत अंमलांत आली.

यांत एक चमत्कारिक गोष्ट अशी कीं, ज्या २००२ सालीं न्यायालयानें त्या नागरिकांना रित्या हातांनीं परत पाठविलें, त्याच सालीं बेटाच्या विधिमंडळानें द्वेषमूलक अपराधांचा कायदा केला. त्या वेळीं सिला मारिया काल्देरोन या गव्हर्नर होत्या. लोकांनीं निवडून दिलेल्या त्या बेटाच्या पहिल्याच स्त्री गव्हर्नर होत. या कायद्यानें असें ठरविलें कीं, पूर्वग्रहापायीं बळी निवडून केलेला गुन्हा अधिक गंभीर समजावा. त्या पूर्वग्रहांच्या यादींत वंश, वर्ण, धर्म यांच्याबरोबर ‘लैंगिक कल’ आणि ‘लिंगओळख’ हे शब्दही आले. पहिला शब्द समलिंगी लोकांसाठीं, दुसरा पारलिंगी लोकांसाठीं, म्हणजे जन्माच्या वेळीं ठरविलेल्या लिंगाहून ज्यांची स्वतःची ओळख वेगळी असते त्यांच्यासाठीं. याचा परिणाम असा झाला कीं, जवळजवळ तीन वर्षें एकाच माणसाचें नांव बेटाच्या कायद्यांत दोन ठिकाणीं होतें : एका पानावर गुन्हेगार म्हणून आणि दुसर्‍या पानावर संरक्षणास पात्र असा बळी म्हणून. समाजाचें मन बदलत असतें तेव्हां त्याचे कायदे असेच परस्परांशीं भांडत असतात.

द्वेषमूलक अपराधाचा कायदा म्हणजे काय, याविषयीं बराच गैरसमज आढळतो. असा कायदा बहुधा नवा गुन्हा निर्माण करीत नाहीं. खून, मारहाण, जाळपोळ हे गुन्हे आधींचेच असतात. आरोपीनें हाच मनुष्य कां निवडला, एवढाच वाढीव प्रश्न कायदा विचारतो. त्याच्याजवळ पैसे होते म्हणून, त्याच्याशीं जुनें वैर होतें म्हणून, कीं तो अमुक वंशाचा, अमुक धर्माचा, अमुक प्रकारचा मनुष्य होता म्हणून? शेवटचें कारण पुराव्यानें सिद्ध झालें तर शिक्षा वाढते. यामागचें तत्त्व सोपें आहे. पैशासाठीं एकाला लुटलें तर भय त्याला आणि त्याच्या शेजार्‍यांना वाटतें. पण एखाद्याला त्याच्या जातीसाठीं वा कलासाठीं मारलें, तर त्याच्यासारखा प्रत्येक मनुष्य त्या रात्रीं दाराला दुहेरी कडी घालतो. घाव एकाच्या अंगावर पडतो, पण धमकी हजारोंना पोंचते.

या कायद्यांवर नेहमीं दोन आक्षेप घेतले जातात, आणि ते विचारी माणसांनींही घेतले आहेत. पहिला असा कीं, कायद्यानें कृतीला शिक्षा करावी, विचाराला करूं नये. याचें उत्तर संयुक्त संस्थानांच्या सर्वोच्च न्यायालयानें १९९३ सालीं विस्कॉन्सिन संस्थानाच्या एका खटल्यांत एकमतानें दिलें. हेतु पाहून शिक्षा कमी-अधिक करण्याची चाल न्यायशास्त्रांत जुनीच आहे, आणि मनांत द्वेष बाळगणें व त्या द्वेषानें माणूस निवडून त्याला मारणें या दोन गोष्टी भिन्न आहेत, असें न्यायालयानें मानलें. दुसरा आक्षेप असा कीं, हे कायदे कांहीं गटांना विशेष हक्क देतात. त्याचें उत्तर त्याच खटल्याच्या हकीकतींत आहे. तेथें आरोपी कृष्णवर्णी होता आणि मार खाणारा मुलगा गौरवर्णी होता. मूळ गुन्ह्याला जास्तींत जास्त दोन वर्षांची शिक्षा होती. वंशावरून बळी निवडल्याचें सिद्ध झाल्यामुळें आरोपीला चार वर्षांची शिक्षा झाली. कायद्याच्या यादींत ‘कृष्णवर्णी’ असा शब्द नसतो, ‘वंश’ असा असतो. ‘समलिंगी’ असा शब्द नसतो, ‘लैंगिक कल’ असा असतो. यादी गटांची नसते, ती बहाण्यांची असते. आणि तिचें छत्र ज्याच्या त्याच्या डोक्यावर सारखेंच असतें.

पोर्तो रिकोंतील कायदा मात्र कित्येक वर्षें कागदावरच राहिला. २००९ च्या नोव्हेंबरांत त्या बेटावर एका समलिंगी तरुणाची अत्यंत निर्घृण हत्या झाली. बेट हादरलें; न्यू यॉर्कपासून अनेक शहरांत शोकसभा झाल्या. त्या वेळीं तपासावरील एका पोलीस अंमलदाराच्या तोंडीं अशा अर्थाचे उद्गार आले कीं, असलें जीवन जगणार्‍यांनीं असें कांहीं तरी होणार हें जाणून असावें. या उद्गारांवर संताप उसळला आणि त्याला तपासावरून दूर करण्यांत आलें. खुन्यानें पुढें गुन्हा कबूल केला व त्याला ९९ वर्षांची शिक्षा झाली. पण त्या निमित्तानें हक्कांसाठीं झगडणार्‍यांनीं एक गोष्ट लोकांच्या नजरेस आणली. २००२ चा कायदा होऊन सात वर्षें लोटलीं, तरी त्याचा उपयोग कोणीं केलेला नव्हता. आणि उपयोग करणार कोण? ज्या अंमलदारानें प्रथमच मनाशीं ठरविलें कीं बळी पडलेल्यानेंच हें ओढवून घेतलें, त्याच्या लेखणींतून ‘द्वेषानें केलेला गुन्हा’ हे शब्द उतरणार कसे?

योगायोग असा कीं, या हत्येच्या केवळ पंधरा-सोळा दिवस आधीं, २८ ऑक्टोबर २००९ रोजीं, अध्यक्ष ओबामा यांनीं मॅथ्यू शेपर्ड आणि जेम्स बर्ड यांच्या नांवें झालेल्या कायद्यावर सही केली होती. शेपर्ड हा वायोमिंग संस्थानांतील समलिंगी विद्यार्थी, आणि बर्ड हा टेक्ससमधील कृष्णवर्णी गृहस्थ. दोघांचेही १९९८ सालीं क्रूरपणें बळी घेण्यांत आले होते. या कायद्यानें मध्यवर्ती सरकारच्या द्वेषमूलक अपराधांच्या यादींत लैंगिक कल, लिंग, लिंगओळख व अपंगत्व यांची भर पडली, आणि पोर्तो रिकोसारख्या प्रदेशांतही मध्यवर्ती न्यायालयांकडे दाद मागण्याची एक वाट मोकळी झाली. थोरल्या घराच्या यादींत शब्द वाढत असतां धाकट्या घराच्या यादींतून ते काढण्याचा विचार सुरू झाला, हें यापुढील कथानक आहे.

२०११ हें वर्ष बेटाला फार भयंकर गेलें. त्या एका वर्षांत अकराशेंहून अधिक खून झाले. बेटाच्या इतिहासांत इतके खून पूर्वीं कधींही झाले नव्हते. गुन्हेगारीला आळा घालण्याकरितां दंडसंहिता नव्यानें लिहावी, अशी हांक उठली. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत संयुक्त संस्थानांच्या न्यायखात्यानें बेटाच्या पोलीसदलाविषयीं एक कडक अहवाल प्रसिद्ध केला. सुमारें १७ हजार शिपायांचें हें दल बेफाम बळ वापरतें, असा त्याचा निष्कर्ष होता. शेजारच्या डोमिनिकन देशांतून आलेल्या लोकांशीं पोलीस भेदभावानें वागत असावेत, अशी गंभीर शंकाही त्यांत व्यक्त केली होती. म्हणजे ज्या हातांनीं द्वेषाचा गुन्हा नोंदवावयाचा, त्या हातांविषयींच संशय उभा राहिला होता.

आणि नेमक्या याच सुमारास, नोव्हेंबर २०११ मध्यें, बेटाच्या सेनेटनें नव्या संहितेचा मसुदा संमत करतांना द्वेषमूलक अपराधांच्या यादींतून चार शब्द वगळले : लैंगिक कल, लिंगओळख, वांशिक मूळ आणि धर्म. अहवालानें डोमिनिकन लोकांकडे बोट दाखविल्याला तीन महिनेही झाले नव्हते, तोंच ‘वांशिक मूळ’ गळलें. त्या भीषण हत्येला नुकतीं दोन वर्षें होत होतीं, तोंच ‘लैंगिक कल’ गळलें. ज्यांना संरक्षणाची गरज अधिक होती, नेमके त्यांचेच शब्द गळावे, हें पाहून विरोधी पक्षाचे सभासद आणि समलिंगी व पारलिंगी लोकांच्या हक्कांसाठीं झटणारे कार्यकर्ते यांनीं गिल्ला केला. अशा वेळीं शब्द काढणें म्हणजे गुन्हेगाराला मुभा देणें होय, अशी त्यांची तक्रार होती.

असल्या खोडणीचें समर्थन करणारे सामान्यतः म्हणतात कीं, यादी कशाला हवी? कायदा सर्वांचा आहे. कोणाचेंही नांव न घेतां ‘कोणत्याही पूर्वग्रहानें केलेला गुन्हा’ असें म्हटलें म्हणजे झालें. हा युक्तिवाद ऐकावयास उदार वाटतो. पण त्याची कसोटी दुसर्‍या एका ठिकाणीं आधींच लागून गेली होती, आणि तिचा निकाल मोठा बोधप्रद आहे.

संयुक्त संस्थानांतील जॉर्जिया या संस्थानानें २००० सालीं द्वेषमूलक अपराधांचा कायदा केला. मूळ मसुद्यांत यादी होती. पण त्या यादींतील ‘लैंगिक कल’ हा शब्द कांहीं सभासदांच्या घशाखालीं उतरेना. तेव्हां तडजोड म्हणून सबंध यादीच काढून टाकण्यांत आली आणि ‘पक्षपात अथवा पूर्वग्रह’ असे मोघम शब्द ठेवण्यांत आले. पुढें अटलांटा शहरांत दोन कृष्णवर्णी पुरुषांना वांशिक शिव्या देत मारहाण झाली, आरोपींना या कायद्याखालीं वाढीव शिक्षा झाली, आणि प्रकरण संस्थानच्या सर्वोच्च न्यायालयांत गेलें. २००४ सालीं त्या न्यायालयानें एकमतानें सांगितलें कीं, हा कायदा इतका मोघम आहे कीं तो घटनेप्रमाणें टिकूं शकत नाहीं. एखाद्या खेळाच्या संघाविषयींचा पक्षपातसुद्धां त्याच्या व्याख्येंत बसूं शकेल! कायदा रद्द झाला, आणि वाढीव शिक्षाही गेली. नवा कायदा होण्यास २०२० साल उजाडावें लागलें. एका कृष्णवर्णी तरुणाला रस्त्यावर पाठलाग करून ठार मारल्याच्या प्रकरणानें सारा देश पेटला, तेव्हां कोठें जॉर्जियानें पुन्हा कायदा केला, आणि या खेपेस तो यादीसह केला.

या हकीकतींत विचार करण्याजोगी गोष्ट ही कीं, शब्द नको होता तो एका गटाचा, आणि संरक्षण गेलें तें दुसर्‍याच गटाचें. समलिंगी माणसाचें नांव घ्यावयाचें नाहीं, या हट्टापायीं कृष्णवर्णी माणसाला सोळा वर्षें त्या संस्थानांत या कायद्याचा आधार मिळाला नाहीं. भिंतींतला एक दगड आवडत नाहीं म्हणून उपटावा, आणि कोसळावी ती सबंध भिंत, तसा हा प्रकार. पोर्तो रिकोच्या सेनेटच्या मसुद्यांतही तेंच दिसून येतें. समलिंगी व पारलिंगी यांचे शब्द गळतांना धर्म आणि वांशिक मूळ हे शब्दही त्यांच्याबरोबर वाहून गेले. लोकांना वाटतें कीं वगळणी नेहमीं दुसर्‍याची होते. पण यादीला एकदां हात लागला म्हणजे तो हात कोठें थांबेल याचा नेम नसतो.

पोर्तो रिकोचा शेवट मात्र तसा झाला नाहीं. गव्हर्नर लुइस फोर्तुन्यो यांनीं ३० जुलै २०१२ रोजीं ज्या दंडसंहितेवर सही केली आणि जी त्याच वर्षीं १ सप्टेंबरपासून अंमलांत आली, तिच्या सहासष्टाव्या कलमांत हे चारही शब्द पुन्हा दिसतात. लैंगिक कल आहे, लिंगओळख आहे, वांशिक मूळ आहे, धर्मही आहे. इतकेंच नव्हे, तर वय, अपंगत्व, सामाजिक स्थिति यांच्या जोडीला बेघर मनुष्याचाही उल्लेख त्या यादींत आला. ज्या पक्षाचें सेनेटांत बहुमत होतें त्याच पक्षाचे हे गव्हर्नर, हेंही लक्षांत ठेवण्यासारखें आहे. या प्रश्नाची विभागणी पक्षांच्या रेषेवर सरळ होत नाहीं. माणसें आरडाओरड करतात, कोणी तरी ऐकतें, आणि मसुद्यावरची शाई वाळण्यापूर्वीं ओळ दुरुस्त होते. लोकशाहींत बरेचदां न्याय असाच, पुष्कळशा कटकटीनंतर मिळतो.

पुढील वर्षीं, २०१३ च्या मे महिन्यांत, नोकरींत लैंगिक कल व लिंगओळख यांवरून भेदभाव करण्यास बंदी घालणारा कायदा झाला, आणि कौटुंबिक हिंसेविरुद्धच्या कायद्याचें संरक्षणही समलिंगी जोडप्यांना मिळालें. पण ‘प्रदेश’ या शब्दाची छाया अजून पुसली गेली नव्हती. संयुक्त संस्थानांच्या सर्वोच्च न्यायालयानें २०१५ सालीं समलिंगी विवाह सर्वत्र मान्य केला. तथापि २०१६ च्या मार्चमध्यें बेटावरील एका मध्यवर्ती न्यायाधीशानें असा अभिप्राय दिला कीं, पोर्तो रिको हें संस्थान नसून केवळ एक प्रदेश असल्यामुळें तो निर्णय तेथें आपोआप लागू होत नाहीं. बोस्टन येथील वरिष्ठ न्यायालयानें महिन्याभरांतच तो अभिप्राय रद्द केला. घरांत राहूनही मसलतींत नसलेल्या माणसाला, घरचे नियम तरी आपल्याला लागू आहेत कीं नाहींत, हें असें वारंवार विचारावें लागतें.

आणि शब्द परत आले म्हणून संकट संपलें, असेंही नाहीं. २०२० च्या फेब्रुवारींत राजधानीजवळच्या एका गांवीं एका बेघर पारलिंगी स्त्रीची हत्या झाली. हत्येपूर्वीं कांहीं तरुणांनीं तिला हेरून रंगाच्या गोळ्यांच्या बंदुकीनें तिच्यावर मारा केला होता आणि त्या छळाचें चित्रणही केलें होतें. या हल्ल्याबद्दल तिघांवर खटला झाला तो मध्यवर्ती न्यायालयांत, २००९ च्या त्या मध्यवर्ती कायद्याखालीं, आणि तिघांनींही गुन्हा कबूल केला. ती स्त्री पारलिंगी होती आणि बेघरही होती. बेटाच्या स्वतःच्या यादींत तिच्यासाठीं एक नव्हे, दोन शब्द तयार होते. यादींत शब्द असणें ही न्यायाची पहिली पायरी. ती चढण्यास चालणारा मनुष्य लागतो, आणि तो मनुष्य म्हणजे पोलीस ठाण्यांतील लेखक, तपास करणारा फौजदार, आणि फिर्याद चालविणारा सरकारी वकील.

मराठी श्रोत्यांना हा सारा प्रकार परदेशचा वाटूं नये. समाजाच्या द्वेषाला नांवानिशीं ओळखणारा एक कायदा भारतांत १९८९ पासून आहे. अनुसूचित जाति व जमातींवरील अत्याचारांना प्रतिबंध करणारा तो कायदा होय. २०१८ च्या मार्चमध्यें महाराष्ट्रांतूनच गेलेल्या एका खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें त्याच्या अटकेसंबंधींच्या तरतुदींवर अटी घातल्या, तेव्हां देशभर आंदोलन झालें, आणि त्याच वर्षीं संसदेनें दुरुस्ती करून त्या तरतुदी पूर्ववत् केल्या. समलिंगी संबंधांपुरतें ३७७ वें कलम त्याच २०१८ च्या ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयानें निष्प्रभ केलें. परंतु त्या निकालानेंही त्या कलमाचा एक भाग जाणूनबुजून राखला होता : संमतीशिवाय, बळजबरीनें केलेल्या कृत्यांचा. १ जुलै २०२४ रोजीं भारतीय न्याय संहिता अंमलांत आली, तेव्हां तें सबंध कलमच तींत घेतलें गेलें नाहीं. नव्या संहितेंत बलात्काराच्या कलमांत बळी म्हणून स्त्रीचाच उल्लेख आला. त्यामुळें बळजबरी सोसलेला प्रौढ पुरुष अथवा पारलिंगी मनुष्य ज्या एका कलमाचा आधार घेऊं शके, तें कलमही त्याच्या हातून निसटलें. एका अन्यायाचा शब्द जातांना त्याच्या बगलेंत असलेला न्यायाचा शब्दही गेला.

त्याच संहितेंत पांच किंवा अधिक जणांच्या जमावानें केलेल्या खुनाला वेगळें पोटकलम आलें, आणि तेथेंही एक यादी आहे : वंश, जात अथवा समाज, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा, ‘किंवा तत्सम अन्य कारण’. लैंगिक कल व लिंगओळख हे शब्द त्या यादींत नांवानें लिहिले गेले नाहींत. ‘तत्सम’ या एका शब्दाच्या पदराखालीं त्यांना जागा मिळते कीं नाहीं, हें न्यायालयांच्या अर्थावर अवलंबून ठेवलें गेलें. जॉर्जिया संस्थानाची हकीकत ज्याला ठाऊक आहे, त्याला मोघम शब्दावर विसंबण्यांतला धोका निराळा समजावून सांगावा लागणार नाहीं.

सामान्य गृहस्थ कायद्याचीं पुस्तकें वाचीत नाहीं, आणि वाचावींत असेंही नाहीं. परंतु त्याच्याच गल्लींत एखाद्या दिवशीं एखाद्या तृतीयपंथीयाला लोक मारतात, एखाद्या मुलाला त्याच्या चालण्या-बोलण्यावरून कोणी कोपर्‍यांत गांठतें, आणि तो मुलगा रक्ताळलेला सदरा घेऊन ठाण्यावर जातो. टेबलापलीकडचा अंमलदार विचारतो, ‘काय झालें?’ मुलगा सांगतो. ‘कशावरून झालें?’ या दुसर्‍या प्रश्नाचें उत्तर लिहावयास त्या अंमलदाराजवळ शब्द असेल, तर मुलाची हकीकत पुरती लिहिली जाते. नसेल, तर ‘किरकोळ मारामारी’ एवढेंच लिहून वही मिटते. पोर्तो रिकोच्या सेनेटनें २०११ च्या नोव्हेंबरांत जे शब्द वगळले होते, ते त्या दुसर्‍या प्रश्नाचें उत्तर होते. आणि २०१२ च्या जुलैमध्यें ते जागेवर परत आले, ते त्यांच्यासाठीं भांडणारे लोक गप्प बसले नाहींत म्हणून.